ध्यानाच्या खोलीला जिना

बारक्या कोणाच्याही घरी गेला की आधी जिना बघतो, मग माणसं.

पायऱ्या चढताना त्याचे ओठ हलतात. लोकांना वाटतं प्रार्थना म्हणतोय. तो पायऱ्यांची उंची पुटपुटत असतो.

चहाचा कप ठेवण्याआधी टेबल अंगठ्याने दाबून बघतो. हललं, तर कागदाची घडी करून पायाखाली सरकवतो. तोवर चहा गार होतो. मग गार चहा दिला म्हणून कुरकुरतो.

पेन्सिल कानामागे खोचतो आणि घरभर शोधतो.

निघताना दुसऱ्यांच्या घरातले दिवे मालवतो. खोलीत कोणी वाचत बसलेलं असलं तरी.

आणि बोलतो. बोलतच राहतो. समोरचा कंटाळून उठून गेला, तर उरलेलं भिंतीला सांगतो.

अशा माणसाला ध्यानाची खोली बांधायला सांगणं ही कल्पना त्याच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईंची. ताई तशा शहाण्या. पण भावाच्या बाबतीत माणसाचं शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

बारक्या हे नावही ताईंनीच ठेवलेलं, तो पाळण्यात असताना. आता त्याच्या भुवयासुद्धा पिकल्यात, पण नाव बदलायला ताईंना सवड मिळाली नाही. ऑफिसात त्याला जिनेवाला म्हणत. तेही काही खोटं नव्हतं. मोठी आर्किटेक्ट कंपनी. तिथे कोणी इमारतींचे दर्शनी भाग काढायचं, कोणी दिवाणखाने काढायचं. बारक्याकडे जिने. नोकरीला लागला तो जिन्यांवर आणि निवृत्त झाला तोही जिन्यांवरच. शहरभर त्याने लोकांना वर चढवलं. स्वतः मात्र दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावरच राहिला. अख्खी इमारत सोडा, एखादी खोलीसुद्धा त्याच्या हातची नाही. आणि उद्घाटनाला पाहुणे लिफ्टने जायचे.

ताई नर्स होत्या. नोकरीभर कोणी ना कोणी त्यांना हाक मारत होतं. रुग्ण, डॉक्टर, रुग्णाचे नातेवाईक, डॉक्टरांचे नातेवाईक. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच हवं होतं. रोज थोडा वेळ, कोणी हाक न मारता, डोळे मिटून बसायचं. याला लोक ध्यान म्हणतात हे त्यांना नंतर कळलं. मोक्ष वगैरे त्यांना नको होता. तिथेही कोणाला तरी सलाईन लावायचं असणार आणि आपल्यालाच बोलावणार, असा त्यांचा संशय होता.

पण घर दोन खोल्यांचं. त्यात मुलगा, सून, नात. बाल्कनीत वॉशिंग मशीन. ताई मशीनच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. त्यांनी डोळे मिटले की मशीन कपडे पिळायला घ्यायचं आणि खुर्चीसकट ताई थरथरायच्या. मग त्यांनी बाथरूममध्ये स्टूल टाकून, कडी लावून बसून बघितलं. मुलगा दार वाजवायचा.

"आई, बरी आहेस ना?"

"होते," ताई आतून म्हणायच्या. "तू विचारेपर्यंत."

त्यात मुलाची दूरच्या शहरात बदली झाली. नातीची वार्षिक परीक्षा संपली की बिऱ्हाड हलवायचं ठरलं. मुलगा म्हणाला, "आई, तू एकटी इथे राहून काय करणार? चल आमच्याबरोबर." ताईंनी विचार केला. इथे फ्लॅट आहे, तिथेही फ्लॅटच असणार. मशीन तर बरोबर येणारच होतं.

इथे जास्तीचं असं एकच होतं, भाऊ. आणि गावाबाहेरच्या उतारावर वडिलांनी घेतलेली जमीन, दोघा भावंडांच्या नावावर. दगड, निलगिरीची काही झाडं, आणि मनात आलं तर वाहणारा एक ओढा. वडिलांना ती जमीन कोणीतरी गोड बोलून गळ्यात मारली होती. कोणाच्या काही उपयोगाची नव्हती म्हणूनच ती अजून शांत होती. उपयोगाची असती तर तिथे केव्हाच इमारत उठली असती आणि तिचे जिने बारक्याने काढले असते.

एका रविवारी ताई त्याच्या घरी गेल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "बारक्या, त्या जमिनीवर मला एक खोली बांधून दे. एका माणसाने बसण्यापुरती. वीज नको, पंखा नको. बसने जाईन, बसेन, परत येईन. पोरीची परीक्षा संपायच्या आत झाली तर मी इथेच राहते. नाही झाली तर जाते पोराबरोबर. मग फोन करून रडायचं नाही."

बारक्याने त्याच वेळी रडून घेतलं. "ताई," तो म्हणाला, "मला आजवर कोणी खोली मागितली नाही गं."

वहिनी, म्हणजे बारक्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ताई, टपरी मागा. टपरी म्हणालात तर होईल. खोली म्हणालात तर संपलंच."

त्या त्याच्याबरोबर राहत होत्या. त्यांना माहीत होतं.

सुरुवात म्हणून बारक्या एका शिबिराला गेला. निसर्गाला न दुखावता कसं बांधावं, असा शिबिराचा विषय. जागा, एका हॉटेलच्या तळघरातलं सभागृह. खिडकी नव्हती. एसी असा की निसर्गाबद्दल कळकळीने बोलणाऱ्यांचे दात वाजत होते. प्रत्येकासमोर पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि बाटलीवर हिरवं पान छापलेलं. परत आला तेव्हा बारक्याच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत रोप होतं आणि डोक्यात प्रकाश पडला होता. रोप आठवडाभरात मेलं. प्रकाश टिकला.

पहिला नकाशा घेऊन तो ताईंकडे आला. जेवणाच्या टेबलावर गुंडाळी उलगडली. कोपऱ्यांवर वजनं म्हणून साखरेचा डबा, नातीची कंपासपेटी, मिठाची बरणी आणि ताईंचा चष्मा ठेवला.

"चष्मा दे," ताई म्हणाल्या. "नाहीतर बघू कशाने?"

चष्मा काढल्यावर तो कोपरा गुंडाळला गेला. ताईंनी तो हाताने दाबून धरला आणि वाकून बघितलं. काढलं होतं फार सुरेख. कागदाच्या मधोमध, डौलदार, कठड्यासकट.

"हे काय?"

"जिना."

"ते कळलं. एका खोलीला जिना कशाला?"

"जोतं खांबांवर उंच घेतलंय ना. म्हणजे जमिनीचा ओलावा वर येत नाही. खालून वारा खेळतो. आणि जमिनीला आपण कमीत कमी टेकतो. फक्त चार ठिकाणी. निसर्गाला कळणारसुद्धा नाही."

"माझ्या गुडघ्यांना कळेल ना."

बारक्याने नकाशाकडे बघितलं. जन्मभर जिने काढले, पण ते चढणारा माणूस नेहमी कागदावरचा. डोकं म्हणजे एक गोल आणि खाली दोन रेघा. त्याला गुडघे नसायचे.

"आणि ही मागे शिडी कसली?"

"आपत्कालीन मार्ग."

"म्हणजे?"

"आग लागली तर."

"अरे, आत एक बाई डोळे मिटून बसलीय. आग लावणार कोण?"

"तसं नाही ताई, नियम असतो."

सुनेला स्वयंपाकघरात ठसका लागला. बराच वेळ लागलेला राहिला.

दुसऱ्या नकाशात जिना गेला. त्याचं दुःख बारक्याने इतक्या मोठेपणाने गिळलं की ताईंना वाटलं, आपणच त्याचं काहीतरी मोडलं. त्या म्हणाल्या, "अरे, काढ हवं तर एखादी पायरी." तो म्हणाला, "एका पायरीला जिना म्हणत नाहीत."

मग त्याने ताईंना आपल्या इमारतीच्या गच्चीवर नेलं, चटईवर बसवलं आणि खडूने त्यांच्याभोवती रेघ मारली. बसलेलं माणूस किती जागा खातं ते बघायला. मग उठताना किती, आळस देताना किती, पाय अवघडल्यावर किती. गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या शेजारणीने ती रेघ बघितली, मधे डोळे मिटून बसलेल्या ताई बघितल्या आणि घाबरून विचारलं, "काय झालं होतं यांना?"

"अजून काही नाही," ताई म्हणाल्या.

दर रविवारी दोघं उतारावर जायची. वळणापर्यंत बस, पुढे पायवाट. ताई एका सपाट दगडावर बसून टेपचं एक टोक धरायच्या. बारक्या दुसरं टोक घेऊन निलगिरीत दिसेनासा व्हायचा आणि तिथूनही बोलत असायचा. वारा कुठून येतो ते कळायला त्याने फांद्यांना कागदाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. ऊन कुठे पडतं ते कळायला खुंट्या ठोकल्या होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथे कोणाचं तरी लग्न होतं आणि ते मोडलं.

खरा घोळ पुढे झाला. खोली बांधायची कशाची?

सिमेंट नको. त्यासाठी डोंगर फोडतात. विटा नकोत. त्या भाजायला जळण लागतं. लाकूड नको. ते कालपर्यंत झाड होतं. बांबू चालला असता, पण तो फार लांबून ट्रकने येतो आणि ट्रकचा धूर बारक्याला इथूनच दिसायला लागला.

"दगड आहेत की," ताई म्हणाल्या. "दगडांवरच तर बसलोय."

बारक्याला ते पटलं. त्याने मोठ्या उत्साहाने एक दगड उचलला. खाली विंचू होता. बारक्याने दगड होता तसा, अलगद, परत ठेवला.

"त्याचंही घर आहे, ताई."

"मग त्यालाच बसव ध्यानाला. मी जाते."

राहिली माती. माती तिथलीच, चार पावलांवरची. पण कुठलीही माती चालत नाही, तिची परीक्षा घ्यावी लागते. बारक्याने पिशव्या भरभरून माती घरी आणली. काचेच्या बरण्यांत माती आणि पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू तळाशी बसते, वर गाळ, त्याच्यावर चिकणमाती. थर बघून मातीचा स्वभाव कळतो. स्वयंपाकघरातल्या फळीवर बरण्यांची रांग लागली. मग मातीचे गोळे करून कमरेच्या उंचीवरून जमिनीवर टाकायचे. गोळा फुटला तर वाळू जास्त, चपटा झाला तर चिकणमाती जास्त. बारक्या सकाळभर गोळे टाकत होता. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. बारक्याने त्यांना आत घेतलं, बसवलं आणि मातीबद्दल सांगितलं. ते पुन्हा कधी आले नाहीत. पुढे आवाज झाला की पंखा मोठा करायचे.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मी काल याच बरणीतून कॉफी घेतली वाटतं."

"कुठल्या बरणीतून?" बारक्याने धास्तावून विचारलं. "ओढ्याजवळच्या?"

नकाशे येत राहिले. प्रत्येक नकाशात खोली आधीच्याहून हलकी, लहान आणि निष्पाप. आधी एक भिंत गेली, कारण झाडांचा आडोसा होताच. मग छप्पर निम्मं झालं, कारण आकाशाला अडवणारे आपण कोण. शेवटच्या नकाशात उरलं होतं एक जोतं आणि त्यावर ताई.

"हे काय रे?" ताई म्हणाल्या. "मला उघड्यावर ठेवलंस?"

"निसर्गाला सर्वांत कमी त्रास यात आहे," बारक्या म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

"त्याहून कमी कशात आहे सांगू? मी गाडीत बसून पोराबरोबर जाण्यात."

बारक्या हसला. त्याला तो विनोद वाटला.

इकडे ताईंच्या घरी खोकी आली होती. सून भांडी कागदात गुंडाळत होती. नात परीक्षेचा अभ्यास खोक्यांच्या आडोशाला बसून करत होती. मुलाने ताईंसाठी एक वेगळं खोकं ठेवलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: आई. येता-जाता ताईंना ते खोकं दिसायचं. वॉर्डातल्या खाटेला अडकवलेल्या पाटीसारखं.

त्या रविवारी त्या बारक्याकडे गेल्या त्या सांगायलाच. वहिनींनी ताटं वाढली होती. बारक्या मातीत किती गवत कालवावं याबद्दल बोलत होता.

"बारक्या," ताई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पोरीची परीक्षा सुरू. ती संपली की ट्रक येतोय. मी माझं सामान भरते आता."

"अगं, झालंच आहे की. फक्त गवताचं प्रमाण..."

"तू मागच्या महिन्यातही झालंच आहे म्हणालास."

"घाईत केलेलं काम टिकत नाही, ताई. माझा एक जिना..."

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी वाढायचा चमचा खाली ठेवला. "ताई, मी सांगते तुम्हाला. यांची खोली कधीच होणार नाही. गवताचं निमित्त आहे. खोली एका माणसाची. ती झाली की तुम्ही आत आणि हे बाहेर. आता कसं, दर रविवारी तुम्ही टेप धरून बसता आणि हे बोलतात. तुमच्या नोकरीत, तुमच्या रात्रपाळीत, यांना कधी एवढी ताई मिळाली होती? नकाशा संपला की रविवार संपला."

ताईंनी बारक्याकडे बघितलं. तो ताटातल्या भाताला बोटाने रेघा पाडत होता. बघता बघता तिथे पायऱ्या झाल्या.

"मी चहा टाकतो," तो म्हणाला.

"जेवणाच्या मध्ये?" वहिनी म्हणाल्या.

पण तो उठून गेला. स्वयंपाकघरात बराच वेळ काही वाजलं नाही. बारक्या असलेल्या खोलीतून एवढी शांतता ताई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना ती मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी बारक्याने एक मिस्त्री गाठला. हा मिस्त्री कामाला चटपटीत आणि बोलण्यात त्याहून. त्याने नकाशांचा गठ्ठा बघितला, कोणता वरचा आणि कोणता खालचा ते बघितलं आणि म्हणाला, "साहेब, यातलं बांधायचं कुठलं आणि बघायचं कुठलं?"

"एकही नाही," बारक्या म्हणाला. "पोती भर."

आणि जे इतके महिने झालं नाही ते व्हायला लागलं. शहरातल्या बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती गोळा केली. त्यांत उतारावरची माती भरली, एकावर एक रचली, वरून धुम्मसने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, ठोकली. विटेसारखी भिंत उभी राहिली. दार आणि खिडक्या एका पाडायला काढलेल्या इमारतीतून आणल्या. तिचा जिना बारक्याचाच होता. तो पडताना बघायला तो थांबला नाही, पण कठड्याचा लाकडी दांडा मागून घेतला. छपराला गाड्यांच्या शेडचे जुने पत्रे, पत्र्यांवर वाळलेल्या गवताच्या पेंढ्या. दगड लागले तेव्हा दगड उचलले. विंचवाशी काय बोलणं झालं ते बारक्याने सांगितलं नाही.

ताई मधल्या वारी न सांगता बघायला गेल्या. बारक्या चिखलात माखला होता. मागे पोत्यांची चळत होती. सगळीच सिमेंटची पोती, आत माती. ताईंनी दोन पोत्यांवर हात ठेवला. हात करडा झाला.

"हे काय?"

"माती."

"करड्या रंगाची?"

"वेगळ्या भागातली आहे."

"बारक्या."

"पायापुरतंच, ताई," तो हळूच म्हणाला आणि आजूबाजूला बघितलं, जणू शिबिराचे लोक निलगिरीच्या मागे उभे आहेत. "नाहीतर वेळेत उभं राहत नव्हतं."

मिस्त्री म्हणाला, "बाई, यांनी ती पोती आणली ती चादरीत गुंडाळून. मला वाटलं कोणाला तरी मारून आणलंय."

ताई वळल्या. ओढ्यावर जाऊन हात धुतला आणि बसने परत आल्या.

नातीची परीक्षा संपली. ट्रक सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी बारक्या ताईंना न्यायला आला तेव्हा मुलगा खोक्यांवर चिकटपट्टी लावत होता.

"मामा, आज कशाला? तिला बांधाबांध करायचीय."

"बघून तर येऊ दे," बारक्या म्हणाला. त्याने टेबल दाबून बघितलं नाही, दिवा मालवला नाही. ताईंना ते खटकलं. माणूस आजारी असला की आधी सवयी सोडतो, हे त्यांनी वॉर्डात खूप बघितलं होतं.

खोली म्हणावी तर ती टपरीच होती. वहिनी पहिल्यापासून बरोबर होत्या. तीन भिंती बाहेरून मातीने लिंपलेल्या होत्या. पश्चिमेकडची फक्त कमरेपर्यंत. तिच्या वर पोती उघडी होती आणि त्यांच्यावर छापलेलं दिसत होतं: पिढ्यान्‌पिढ्यांची मजबुती. खिडक्या दोन, दोन मापांच्या. दारापर्यंत पायरी नव्हती. मातीचा सावकाश चढ होता आणि बाजूने तो लाकडी दांडा. ताईंनी दांडा धरला आणि वर गेल्या. गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही.

आत चटई होती. ताई बसल्या. डोळे मिटले. निलगिरीचा वास आला. ओल्या मातीचा वास आला.

"ताई," बाहेरून आवाज आला. "वारा येतोय का?"

"येतोय. तू बोललास की थांबतो."

"पूर्वेच्या खिडकीतून येतोय की दुसऱ्या?"

ताईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

"नाही, दुसरी जरा तिरकी बसलीय. मिस्त्रीला मी सांगत होतो, ओळंबा लाव, पण..."

मग तो थांबला. वाक्याच्या मध्येच. ताई वाट बघत राहिल्या, आता पुढचं येईल, मग येईल. आलं नाही. त्यांनी एक डोळा उघडून दारातून बघितलं. बारक्या बाहेर दगडावर बसला होता. एक हात तोंडावर दाबून धरला होता, मुलं धरतात तसा. दुसऱ्या हातात थापी होती. तिच्यावरची माती ठिबकत होती.

ताईंनी डोळा मिटला. बसल्या. किती वेळ कोण जाणे. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कोणी हाक मारली नाही.

बाहेर आल्या तेव्हा बारक्याने विचारलं नाही. फक्त भुवया वर केल्या.

"पोराला फोन लाव," ताई म्हणाल्या.

बारक्याने चिखलाच्या हाताने फोन लावून दिला.

"माझं खोकं उघड," ताई म्हणाल्या. "माझे कपडे परत कपाटात लाव. घडी नीट घाल."

"आई, एका टपरीसाठी?" मुलाचा आवाज फोनच्या बाहेरही ऐकू येत होता. "मी तिथे तुझ्यासाठी खोली बघून ठेवलीय. खिडकी आहे. लिफ्ट आहे."

"छान केलंस. मी येईन की सुट्टीत राहायला."

"आणि इथे तुला काही झालं तर?"

"झालं तर मामा आहे. आपत्कालीन मार्ग काढून ठेवलाय त्याने."

मुलगा बराच वेळ बोलत राहिला. ताई हं हं करत राहिल्या. बारक्या घमेल्यातली माती ढवळत होता, जणू त्याचा या फोनशी काही संबंध नाही. माती घमेल्याबाहेर सांडत होती. ताईंनी ते बघितलं आणि, नर्सच त्या, बघितलं नाही असं केलं.

सोमवारी ट्रक गेला. वॉशिंग मशीन गेलं. नात जाताना आजीला मिठी मारून रडली, आणि ताईही रडल्या. तेवढं होणारच होतं.

आता ताई आठवड्यातून बऱ्याचदा उतारावर जातात. बसने, वळणापर्यंत. बारक्या बरोबर असतो, कारण पश्चिमेची भिंत लिंपायची राहिली आहे. उन्हाने पोती विरतात, त्यामुळे ते काम तातडीचं आहे, असं तो सगळ्यांना सांगतो. गेल्या गेल्या तो ओढ्यावरून पाणी आणतो, माती भिजवतो, गवत कालवतो, थापी धुतो. तोवर ताई आत जाऊन बसलेल्या असतात. थापीचा घासल्याचा आवाज आत जातो. ताईंनी एकदा सांगितलं आहे, मी बसले असताना घासू नकोस. म्हणून तो थांबतो. दगडावर बसतो. बोलत नाही. ताई बाहेर येतात तेव्हा बसची वेळ झालेली असते आणि उतारावरून खाली यायला त्यांना हात लागतो. भिजवलेली माती घमेल्यात तशीच राहते. पुढच्या वेळेपर्यंत ती दगड होते.

"मग एखादे दिवशी एकटेच जा ना," वहिनी म्हणाल्या. "ताई नसताना. सकाळी जाल, दुपारपर्यंत भिंत होईल."

"एकटा जाऊन काय करू?" बारक्या म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं आणि विषय सोडला. पश्चिमेच्या भिंतीवर त्याने आता जुनी चादर टांगली आहे. तिच्याखाली गिलावा अजून कमरेपर्यंतच आहे.